पेनहोल्ड सोडून शेकहँड धरू का? (वय ४६, मुक्काम ठाणे)

ऋजुता_घोडबंदर

नमस्कार मंडळी. टेबल टेनिसवर इथे जुने धागे आहेत, पण सगळे 'मुलाला कुठला क्लास लावू' इथेच येऊन थांबतात. माझा प्रश्न माझ्याबद्दल आहे.

कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये टीटी शिकले. शिकवणारी सीनियर पेन धरतात तशी (पेनहोल्ड) बॅट धरायची, मीही तशीच धरली. नंतर नोकरी, संसार, मुलं, बदल्या, बॅट माळ्यावर. आता आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये टेबल आलंय आणि रात्री जेवणं आटोपली की आम्ही पाच-सहाजण खेळतो. फोरहँड अजून बऱ्यापैकी बसतो. पण डाव्या कोपऱ्यात कुणी जोरात टॉपस्पिन (पुढे फिरत येणारा चेंडू) टाकला की मी नुसती बॅट पुढे धरते आणि देवाचं नाव घेते.

लहान मुलांना शिकवायला एक कोच येतात. त्यांनी परवा माझा खेळ बघितला आणि म्हणाले, "ताई, ही ग्रिप सोडा. आता असं कोणी खेळत नाही. थोडे दिवस जड जाईल, मग सुटाल." माणूस चांगला आहे, उगाच बोलणारा नाही. पण माझी सर्व्हिस याच ग्रिपमध्ये बसलेली आहे आणि खरं सांगायचं तर मला ती आवडते. या वयात बदलून शेकहँड (हात मिळवतो तशी पकड) धरावी का? बदलली तर किती त्रास? आणखी एक, तासभर खेळलं की अंगठा आणि तर्जनीच्या बेचकीत लाल होऊन दुखतं. हे ग्रिपचं की वयाचं?

हरवलेला_चेंडू

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शेकहँड-पेनहोल्ड म्हणजे धाग्याचं काश्मीर नक्की.

वाशीकर

शेकहँडच. कोच बरोबर सांगतायत.

पेनहोल्डमध्ये फोरहँड आणि बॅकहँड दोन्ही बॅटच्या एकाच बाजूने मारायचे. म्हणजे बॅकहँडला मनगट आत वळवून चेंडू ढकलायचा. ढकललेल्या चेंडूवर स्वतःची फिरकी जवळपास जातच नाही, आणि डावीकडे लांब पडला तर हात पुरत नाही. शेकहँडमध्ये मागची बाजू मोकळी असते. कोपर जागेवर ठेवून हात उघडला की टॉपस्पिन बसतो, कोपराच्या पलीकडचंही टेबल आवाक्यात येतं. मी वाशीला खेळतो. आमच्याकडे पेनहोल्डवाला एकही उरलेला नाही. यातच काय ते आलं.

सीवूड्स_स्पिन

वाशीत उरला नसेल हो, जगात उरलाय. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये पुरुष एकेरीचं कांस्य कोणी घेतलं? फ्रान्सच्या फेलिक्स लेब्रुनने, वय तेव्हा १७, पेनहोल्ड. २०२२ चा युरोपियन विजेता जर्मनीचा डांग चिऊ, तोही पेनहोल्ड. टीटी ऑलिंपिकमध्ये १९८८ साली आलं. तेव्हापासून पुरुष एकेरीची दहा सुवर्णं झाली, त्यातली चार पेनहोल्डची: यू नाम-क्यू १९८८, लिऊ गुओलियांग १९९६, र्यू सुंग-मिन २००४, मा लिन २००८. शिवाय वांग हाओ सलग तीन ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत. तीनही वेळा हरला बिचारा, पण पोचला.

वाशीकर

आणि शेवटची चार सुवर्णं कुणाची? झांग जिके, मा लाँग, पुन्हा मा लाँग, फॅन झेनडाँग. चारही शेकहँड. तुमची यादी २००८ ला का संपते, ते तुम्हीच सांगा.

खारीगाववाला

दोघांनाही विनंती. ताई क्लबहाउसमध्ये खेळतायत, त्यांना झांग जिके भेटणार नाहीये. फार तर सी विंगचे खजिनदार भेटतील.

ऋजुता_घोडबंदर

खजिनदार बी विंगचे आहेत आणि त्यांचा कट (उलट्या फिरकीचा चेंडू) भयंकर आहे. 😀

सीवूड्स_स्पिन

@वाशीकर, मुद्दा बॅकहँडचा होता ना? मग तो पुरा करू. तुम्ही सांगताय ती जुनी पेनहोल्ड. लिऊ गुओलियांगने बॅटच्या मागच्या बाजूलाही रबर लावून तिथून बॅकहँड मारायला सुरुवात केली, वांग हाओने तर जवळपास सगळा बॅकहँड तसाच खेळून दाखवला. क्लबात आम्ही याला आरपीबी (रिव्हर्स पेनहोल्ड बॅकहँड) म्हणतो. बॅट पेनहोल्डच, पण पुढची बाजू न ढकलता मागच्या बाजूने चेंडू घासून काढायचा. अंगठा बॅटवर दाबायचा, तर्जनी सैल सोडायची आणि मागची बोटं बॅटला आधार देतात. टॉपस्पिन शेकहँडच्या जवळपास बसतो.

म्हणजे ऋजुताताईंपुढे दोन नाही, तीन रस्ते आहेत: आहे तसं खेळणं, पेनहोल्डच ठेवून आरपीबी शिकणं किंवा सरळ शेकहँड.

चॉपर_कळवा

आरपीबी शिकणं म्हणजे नवा स्ट्रोक पायापासून शिकणंच आहे. तेवढ्या मेहनतीत शेकहँडचा बॅकहँड येईल आणि तो शिकवायला माणूसही मिळेल. आरपीबी शिकवणारा कोच ठाण्यात शोधून दाखवा.

आणि जुन्या पेनहोल्डबद्दल कोणी पायांचं बोलत नाहीये. ती ग्रिप बॅकहँड टाळण्यावर उभी आहे. डाव्या कोपऱ्यात आलेला चेंडूही सरकून फोरहँडने मारायचा. र्यूचा २००४ चा अंतिम सामना काढून बघा, माणूस अर्धा वेळ टेबलाच्या डाव्या बाजूच्या बाहेर उभा आहे. त्याच्या मांड्या बघा आणि मग आपल्या बघा. ताई, राग मानू नका, मी पन्नाशीचा आहे, स्वतःबद्दलच बोलतोय.

ऋजुता_घोडबंदर

राग कसला. पण डावीकडे सरकायचं तर आमच्याकडे त्या बाजूला खांब आहे आणि खांबाला टेकून कॅरमबोर्ड. टेबलही सारखं मोकळं नसतं. गेल्या आठवड्यात त्यावर गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं आणि कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक होता. चेंडू उसळला की अजून क्रीम उडतं.

काजूकतली

अवांतर: आमच्या नेरूळच्या सोसायटीत टीटीच्या टेबलावर वार्षिक सभा होते. नेट काढत नाहीत. कमिटी एका बाजूला, सभासद दुसऱ्या बाजूला.

हरवलेला_चेंडू

आणि सर्व्हिस कोणाची?

काजूकतली

कायम कमिटीची.

अर्धवट_अंपायर

ग्रिपवरून आठवलं. आमच्याकडे कायम वाद होतो की चेंडू बॅटला न लागता बोटाला लागला तर पॉइंट कोणाचा. नियम स्पष्ट आहे: बॅट धरलेल्या हाताचा मनगटाच्या पुढचा भाग खेळात चालतो. बोटाला लागून चेंडू पलीकडे पडला तर रॅली सुरू. बॅट न धरलेल्या हाताला लागला तर पॉइंट गेला. पेनहोल्डवाल्यांनो, मागे पसरलेली ती तीन बोटं कायदेशीर आहेत, निश्चिंत राहा.

दुसरं, ज्यांच्या बॅटला एकाच बाजूला रबर आहे त्यांनी मागच्या उघड्या लाकडाने चेंडू मारला तर पॉइंट जातो. सोसायटीत कोणी धरत नाही, स्पर्धेत धरतात.

वाशीकर

बोटाने मारलेला चेंडू रॅलीत चालतो हे आमच्याकडे कोणाला सांगू नका, उद्यापासून सगळे विकेटकीपिंग करतील.

निवृत्त_नाना

वाचतोय. नौपाड्यात राहतो, आता खेळणं बंद, बघणं चालू. तुम्ही सगळे ग्रिपवर भांडताय म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो.

१९५२ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आपल्या मुंबईत झाली. माझे वडील बघायला गेले होते, घरी हा विषय निघाला की जेवण गार व्हायचं. तेव्हा बॅटला नुसतं दाणेदार रबर असे. चेंडू टक-टक वाजायचा आणि समोरचा माणूस त्या आवाजावरून जोर ओळखायचा. जपानचा हिरोजी सातो आला तो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन. चष्मा लावलेला, शांत, पेनहोल्ड ग्रिप. बॅटचा आवाजच नाही! चेंडू कधी सुटला, किती जोरात सुटला, कोणाला कळेना. भल्याभल्यांना घरी पाठवून पुरुष एकेरीचं विजेतेपद घेऊन गेला. पुढे जपानने आणि मग चीनने हा खेळ युरोपच्या हातातून काढून घेतला, त्याची सुरुवात वडिलांच्या मते आपल्या मुंबईत झाली.

चॉपर_कळवा

नाना, सुंदर. पण यात सातो जिंकला तो स्पंजमुळे, ग्रिपमुळे नाही. पेनहोल्ड तर बाकीचे जपानीही खेळत होते.

निवृत्त_नाना

अहो तेच तर सांगतोय! ग्रिप जुनीच होती, बॅट नवी होती. स्पंजचा एवढा गोंधळ झाला की १९५९ साली नियम करावा लागला: नुसता स्पंज चालणार नाही, वर रबर हवं आणि दोन्ही मिळून जाडी ४ मिमीच्या आत. आजही तोच आकडा आहे. तुम्ही चाळीस प्रतिसाद बोटांवर घालवलेत. बाईंच्या हातात बॅट कोणती आहे, हे एकाने तरी विचारलं का?

खारीगाववाला

नानांचा फोरहँड स्मॅश. बाय द वे, चाळीस नाही झालेले अजून.

फिजिओ_पाचपाखाडी

नानांना अनुमोदन. मूळ प्रश्नातलं बेचकीचं दुखणं सगळ्यांनी सोडूनच दिलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हात न बघता निदान करणार नाही, पण दोन गोष्टी विचारते. लाल होतं ते कातडीवर घासल्यासारखं की आत ठणकतं? आणि बॅटचं हँडल लांब आहे का? बेचकीतून मागे किती बाहेर येतं?

कातडी घासत असेल तर ते बॅटचं काम. आत ठणका असेल, अंगठ्याच्या मुळाशी किंवा कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी, तर पकड फार घट्ट आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक हौशी खेळाडू बॅट दळणाचा डबा उचलल्यासारखी आवळून धरतात. ग्रिप कुठलीही असो, चेंडूला लागण्याच्या क्षणी पकड आवळायची आणि लगेच सोडायची. बाकी वेळ हात सैल. हे जमलं नाही तर शेकहँडमध्येही दुखणारच, फक्त जागा बदलेल.

ऋजुता_घोडबंदर

कातडी घासते. आत ठणका नाही. बॅट दुकानातली तयार बॅट आहे, स्टेशनजवळ घेतली, दोन्हीकडे रबर, खाली रुंद होत गेलेलं हँडल. मागे चांगलं चार बोटं बाहेर येतं. मला वाटलं सगळ्या बॅटी अशाच असतात. हॉस्टेलमधली बॅट मात्र बुटकी होती हे आता आठवतंय.

सीवूड्स_स्पिन

सापडलं! ताई, तुम्ही शेकहँडची बॅट पेनहोल्डने धरताय.

ही गोष्ट इकडे सर्रास होते, कारण दुकानात पेनहोल्डचं ब्लेड (रबराविना नुसती लाकडी बॅट) ठेवतच नाहीत. शेकहँडच्या ब्लेडचं हँडल साधारण १० सेंटिमीटर असतं. चिनी पेनहोल्ड ब्लेडचं ८ ते साडेआठ. ते वरचे दीड-दोन सेंटिमीटर तुमच्या मनगटाच्या आड येतात. मनगट वळवायला गेलं की हँडलची शेपटी हातावर आपटते आणि रुंद कडा बेचकीत रुतते. म्हणजे तुमचा बॅकहँड नुसता पुढे धरलेल्या बॅटचा का आहे, याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. मनगट हलतच नाहीये!

जपानी-कोरियन पेनहोल्ड अजून वेगळी. एकाच जाड फळीचं हिनोकी लाकूड, बहुतेक लांबट चौकोनी, आणि हँडलला कॉर्कचा उंचवटा, त्यात तर्जनी अडकवायची. मागची बोटं सरळ पसरतात. ती बॅट एकाच बाजूने खेळण्यासाठी, आरपीबीला गैरसोयीची. तुम्ही चिनी प्रकारच बघा, गोल ब्लेड, मागची बोटं दुमडलेली.

वाशीकर

किंवा. बॅट शेकहँडची आहेच, तर ती शेकहँडने धरा. खर्च शून्य.

खारीगाववाला

😂😂 वाशीकरांना हा पॉइंट द्यावा लागेल.

पिंपळपान

थोडं शेकहँडच्या बाजूने, पण वेगळ्या कारणाने. मी खारघरला लहान मुलांना शिकवते, पोटापाण्यासाठी नाही, हौस म्हणून. 'शेकहँड धरा' एवढं सांगून काही होत नाही, कारण त्यातही दहा तऱ्हा आहेत. नव्यांपैकी निम्मे लोक तर्जनी बॅटच्या मधोमध सरळ उभी ठेवतात. त्याने फोरहँडला आधार वाटतो पण मनगट कुलूपबंद होतं आणि बॅकहँडला बोटच चेंडूच्या वाटेत येतं. तर्जनी खालच्या कडेला टेकलेली हवी, अंगठा पुढच्या बाजूला आडवा, नख रबराला जेमतेम लागेल असा. बाकीची तीन बोटं हँडलभोवती, सैल. बॅटची कड बेचकीच्या मधोमध आली पाहिजे. कड अंगठ्याकडे झुकली की एक स्ट्रोक चांगला आणि दुसरा बिघडतो, तर्जनीकडे झुकली की उलट. सुरुवातीला मधोमधच बरी.

आणि ताईंची सर्व्हिस जाईल ही भीती नको. शेकहँडवालेही सर्व्हिसला ग्रिप बदलतात. खालची तीन बोटं हँडलवरून सोडून बॅट अंगठा आणि तर्जनीत धरतात, मनगट मोकळं होतं, आणि सर्व्हिस झाली की लगेच परत मूळ ग्रिप. तुमची पेनहोल्डची सर्व्हिस तशीच्या तशी राहणार नाही, पण हाताला फिरकीची सवय आहे ती कुठे जात नाही.

लोकलमधला_लोकेश

धागा वाचून एक शंका. पुतण्या सात वर्षांचा आहे, ऐरोलीला क्लास लावलाय. तिथे सगळ्यांना शेकहँड. त्याला पेनहोल्ड शिकवून वेगळा खेळाडू बनवता येईल का? लेब्रुनसारखा?

पिंपळपान

लेब्रुनच्या क्लबात लहानपणापासून डोळ्यांसमोर एक चिनी पेनहोल्ड खेळाडू होता. तुमच्या पुतण्यासमोर कोण आहे? सात वर्षांचं मूल बघून शिकतं. क्लासमध्ये तीस मुलं शेकहँड, मल्टिबॉल (कोचने एकामागून एक चेंडू टाकून घेतलेला सराव) शेकहँडच्या हिशोबाने, आणि हा एकटा वेगळा, तर त्याचा स्ट्रोक चुकतोय हे सांगणारं कोणी नसेल. वेगळेपणाचा फायदा असतो, समोरच्याला चेंडूचा कोन पटकन कळत नाही. पण तो फायदा घेण्याआधी सात-आठ वर्षं काढावी लागतात.

वेगळेपणच हवं असेल तर ग्रिप न बदलता रबर बदलता येतं. आपल्या मनिका बत्राच्या बॅकहँडला लाँग पिंपल्स (लांब दाण्यांचं रबर) आहेत आणि रॅलीच्या मधे ती बॅट हातात फिरवून बाजू बदलते. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने एकेरीचं सुवर्ण घेतलं. बादवे, त्याच वर्षी महिला सांघिक सुवर्ण जिंकलेल्या संघात आपल्या ठाण्याची मधुरिका पाटकर होती. हे मुलांना सांगा, ठाण्यातल्या ताईने सुवर्ण आणलंय म्हटल्यावर बॅट नीट धरतात.

लोकलमधला_लोकेश

पटलं. मग हँडल? दुकानदार तीन आकार दाखवतो.

पिंपळपान

लहान हाताला बारीक आणि खाली थोडं रुंद होणारं, म्हणजे फ्लेअर्ड. ते हातातून निसटत नाही. मधे फुगवटा असलेलं अ‍ॅनाटॉमिक हाताला बसलं तर छान, पण मुलाचा हात वाढतो आणि फुगवटा चुकीच्या जागी येतो. सरळ हँडल बॅट फिरवणाऱ्यांना आणि ग्रिप सारखी बदलणाऱ्यांना सोयीचं. हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नका. ऑनलाइन फोटोत सगळी हँडलं सारखीच दिसतात.

हरवलेला_चेंडू

आणि पावसाळ्यात कुठलंही हँडल घ्या, निसटणारच. जुलैत आमच्या कोपरीच्या हॉलमध्ये भिंतींना पाणी सुटतं. रबरावर दमट थर बसला की टॉपस्पिन मारायला जावं तर चेंडू घसरून नेटमध्ये. पंखा लावला तर चेंडू उडतो, नाही लावला तर माणूस उडतो.

चॉपर_कळवा

दर सहा पॉइंटनंतर टॉवेल घ्यायला नियमाने परवानगी आहे, ती वापरा. हँडलला टेनिसची ओव्हरग्रिप गुंडाळणारेही बघितलेत. घाम धरते, पण हँडल जाड होतं आणि बोटांना बॅटचा अंदाज येईनासा होतो. मला नाही आवडत. बॅट मात्र खेळून झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून, सुकवून पिशवीत ठेवा. घामट बॅट तशीच कोंबणाऱ्यांनी रबर गुळगुळीत झालं म्हणून रडू नये.

ऋजुता_घोडबंदर

सगळ्यांचे आभार, इतकं लिहाल असं वाटलं नव्हतं. मधे थोडे दिवस गेले, अपडेट देते.

कोचना हा धागा दाखवला. हसले, म्हणाले शेपटी मी बघितलीच नाही, मी बोटं बघत होतो. मग त्यांनीच एक सुचवलं. घरात मुलाची जुनी बॅट पडून होती, तिचं हँडल सोसायटीत काम करणाऱ्या सुतारकाकांकडून मागून दोन सेंटिमीटर कापून घेतलं. करवत फिरताना जीव खालीवर झाला. पण फरक पहिल्याच रात्री कळला. बेचकीत रुतणं थांबलं आणि मनगट वळतं! ब्लॉक (चेंडू नुसता अडवून परतवणं) आता समोरच्याच्या जोरावर नाही, माझ्या मनाने जातो. खजिनदारांना डाव्या कोपऱ्यातून दोनदा सरळ लाइनवर दिला.

शेकहँडही प्रामाणिकपणे करून बघितली. बॅकहँड खरंच सोपा वाटला, वाशीकर बरोबर होते. पण चेंडू पोटाकडे आला की फोरहँड मारू की बॅकहँड, हे ठरेपर्यंत चेंडू मागच्या भिंतीवर. पेनहोल्डमध्ये हा गोंधळ मला कधी झाला नव्हता. आणि छोटे चेंडू टेबलावर हळूच ठेवायला मला जी मजा येते, ती त्यात येईना.

तर मी पेनहोल्डच ठेवतेय. आरपीबी सगळ्या चेंडूंवर नाही, फक्त लांब पडलेल्या कटवर शिकेन. कोच म्हणाले, मला येत नाही पण मल्टिबॉल टाकायला येईन, व्हिडिओ तुम्ही बघा.

वाशीकर

पोटाकडे येणाऱ्या चेंडूचं खरं आहे. शेकहँडवाल्याचा तो कायमचा कच्चा दुवा, आम्हीही समोरच्याच्या उजव्या कोपराकडेच मारतो. पायांनी बाजूला सरकून तो सोडवायचा असतो, ते दोन-तीन महिन्यांत बसलं असतं. तुम्ही लवकर सोडलंत असं माझं मत अजूनही आहे. पण खजिनदारांना सरळ लाइनवर दिलात, त्याबद्दल सलाम.

चॉपर_कळवा

मीही वाशीकरांच्या बाजूचा. ठाण्यातली जिल्हा पातळीची व्हेटरन्स खेळायची असती तर शेकहँडच सांगितली असती. पण रात्री खांब, कॅरमबोर्ड आणि केकच्या क्रीममध्ये खेळायचं तर आवडती ग्रिप ठेवा.

सीवूड्स_स्पिन

मस्त! आता नवी बॅट घेताना दोन गोष्टी. चिनी पेनहोल्ड ब्लेड हलकं घ्या. दोन्हीकडे रबर लावलं की वजन डोक्याकडे जातं आणि सगळा भार तर्जनीवर येतो. पुढे हवं ते रबर लावा, पण मागे स्पंज पातळ घ्या, दीड ते १.८ मिमी. आरपीबीने लांब कटच उचलायचेत तर त्याहून जाड नको. ब्लेड धोबी तलावच्या दुकानांत विचारा, पुढ्यात नसतं पण मागवून देतात. पाच थरांचं साधं लाकूड. कार्बनच्या नादी लागू नका.

फिजिओ_पाचपाखाडी

आणि कापलेली बॅट तोवर वापरताय ना? कापलेल्या टोकाची कड तळहाताला लागत असेल. ती गोल करून घ्या, नाहीतर बेचकी सुटली आणि तळहात धरला असं व्हायचं.

ऋजुता_घोडबंदर

लागते थोडी. सुतारकाका परत कधी येतील माहीत नाही. घरी घासता येईल का?

निवृत्त_नाना

येईल की. हँडलचं टोक आधी कानशीने घ्या, मग पॉलिश पेपर, आधी जाड मग बारीक. ब्लेड जिथे हँडलला मिळतं तिथल्या दोन्ही कोपऱ्यांवरही बारीक पेपर फिरवा. अंगठा आणि तर्जनी तिथेच बसतात, नव्या बॅटीलाही ते करावं लागतं. त्याआधी रबराच्या कडेला टेप लावा, भुसा चिकटला की रबर जातं. एकदम फार घासू नका. थोडं घासायचं, चार चेंडू खेळायचे, परत बघायचं. लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही.